हिरोजी एक कीं दोन? रायगडाच्या स्थपतीचें पूर्ववृत्त व युद्धकालीन सेवा

अंबरनाथचें शिवालय पाहावयास जाणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो. वालधुनीच्या कांठीं उभें असलेलें, काळ्या पाषाणाचें, पायथ्यापासून वरपर्यंत मूर्तींनीं भरलेलें तें देवालय पाहिलें कीं जो तो विचारतो, "हें बांधलें कोणीं?" आणि जवळचा एखादा वृद्ध गृहस्थ निःशंकपणें सांगतो, "पांडवांनीं, एका रात्रींत." मध्यंतरीं कांहीं हस्तलिखितसंग्राहक स्नेह्यांसह आम्ही तेथें गेलों असतां हाच प्रश्न व हेंच उत्तर पुनः आमच्या कानीं पडलें. त्या दिवशीं जें संभाषण झालें त्यांतून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला, म्हणून त्याचा थोडा वृत्तान्त आरंभीं देणें अवश्य आहे.

अंबरनाथच्या देवालयाचा काल आतां वादग्रस्त राहिलेला नाहीं. उत्तरेकडील दारावरील तुळईवर जो लेख आहे तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, उत्तर कोंकणचा शिलाहार राजा मम्वाणि अथवा मुम्मुणि ह्याच्या कारकीर्दींतील होय. व त्यांत त्याचा ज्येष्ठ बंधु छित्तराज ह्याच्या भवनाचा उल्लेख आहे. परंतु हें आज जितकें सरळ वाटतें तितकें तें पूर्वीं नव्हतें. डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं ह्या लेखांतील शक ७८२ असा वाचला होता, व त्यांच्या अधिकारामुळें कांहीं काळ देवालय इसवी सन ८६० चें ठरून गेलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं दगडावरील अंक पुनः तपासून पहिला आंकडा सातांचा नसून नवांचा आहे असें दाखविलें. एका अंकाच्या वळणानें दोनशें वर्षें इकडचीं तिकडे झालीं. भाऊ दाजींसारखा विद्वान् जेथें चुकला तेथें आपण किती सावध असलें पाहिजे, हा ह्या दगडाचा पहिला धडा.

दुसरा धडा निराळा आहे. त्या लेखांत राजा आहे, राजाचा भाऊ आहे, राज्याचे अधिकारी आहेत. पण ज्यानें गाभारा जमिनीच्या पातळीखालीं नेऊन पायऱ्या उतरत देवापाशीं जाण्याची योजना केली, ज्यानें शिखराच्या उभ्या पट्ट्या व त्यांमधील लहान लहान शिखरांच्या ओळी आंखल्या, त्या मुख्य सूत्रधाराचें नांव त्या लेखाच्या वाचनांत सांपडत नाहीं. आम्ही हें बोलत असतां आमच्या स्नेह्यांपैकीं एकजण म्हणाले, "रायगडाचें तरी तसें नाहीं. तेथील स्थपतीचें नांव दगडावर आहे, आणि त्याचें चरित्रहि सर्वांस ठाऊक आहे." एवढें म्हणून त्यांनीं तें चरित्र सांगितलें. आम्हीं तें ऐकून घेतलें आणि परतीच्या वाटेंत आमच्या मनांत असें आलें कीं, ह्या दोन गोष्टींत वाटतो तितका भेद नाहीं. अंबरनाथास स्थपतीचें नांव नाहीं म्हणून लोकांनीं पांडवांचें नांव पुरविलें. रायगडास स्थपतीचें नांव आहे पण चरित्र नाहीं म्हणून लोकांनीं चरित्र पुरविलें. हा आमचा संशय कितपत साधार आहे तें पुढें पाहावयाचें आहे.

(१) प्रचलित चरित्र

रायगडाचा स्थपति हिरोजी ह्याचें जें चरित्र आज पुस्तकांतून, व्याख्यानांतून व गडावरील वाटाड्यांच्या तोंडून ऐकूं येतें त्याचीं पांच अंगें आहेत. पहिलें, हिरोजी हा शिवाजी महाराजांचा लहानपणापासूनचा सोबती असून १६६६ मध्यें आग्र्याच्या कैदेंतून महाराज निसटले तेव्हां त्यांच्या जागीं शेल्याखालीं निजून राहिला तो हाच. दुसरें, त्यापूर्वीं १६६४ मध्यें आरंभिलेल्या सिंधुदुर्गाचें काम ह्यानेंच पार पाडलें. तिसरें, रायगडावरील राजधानीचीं बांधकामें ह्याचीं. चौथें, महाराज मोहिमेवर असतां पैसा अपुरा पडला, तेव्हां ह्यानें आपलें घरदार व जमीन विकून काम पुरें केलें. पांचवें, महाराजांनीं बक्षीस विचारतां ह्यानें कांहीं न घेतां जगदीश्वराच्या देवालयाच्या पायरीवर आपलें नांव कोरण्याची परवानगी मागितली, कीं दर्शनास येतां महाराजांची पायधूळ त्या नांवावर पडावी.

चरित्र सुंदर आहे ह्यांत शंका नाहीं. बालमैत्री, प्राणसंकट, कौशल्य, त्याग व नम्रता अशीं पांच पुष्पें एका सूत्रांत ओंवलीं आहेत. परंतु पुष्पें निरनिराळ्या झाडांचीं असूं शकतात. सूत्र कोणाचें हें पाहिलें पाहिजे. ह्यासाठीं आम्ही प्रत्येक अंग सुटें करून त्यास आधार काय, तो केव्हांचा, व तो नेमकें किती सांगतो, हे तीन प्रश्न विचारतों.

(२) दगड काय सांगतो

ह्या विषयांत सर्वांत बळकट साधन रायगडावर जगदीश्वराच्या देवालयांत आहे, आणि तें एक नसून दोन आहेत. प्रवेशद्वारालगतच्या भिंतींत एक संस्कृत श्लोकबद्ध लेख आहे. त्यांत सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपतींच्या आज्ञेनें हिरोजीनें हा जगदीश्वराचा प्रासाद निर्माण केला असें सांगून, वापी, कूप, तडाग, उद्यानें, मार्ग, स्तंभ, गजशाला व राजगृहें ह्यांची मोजदाद केली आहे, आणि चंद्रसूर्य असेपर्यंत हें नांदो अशी इच्छा प्रकट केली आहे. काल शब्दांकांनीं दिला आहे: षट्, नव, बाण, भूमि. अंक उलट क्रमानें घेण्याच्या नियमाप्रमाणें शके १५९६ निघतात, आणि लेखांतील आनंद संवत्सर त्या शकाशीं बरोबर जुळतो. हें वर्ष महाराजांच्या राज्याभिषेकाचें. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं झाला. अंबरनाथच्या लेखांत जो घोटाळा अंकाच्या आकृतीनें झाला, तो येथें शब्दांकांमुळें व संवत्सराच्या दुहेरी साक्षीमुळें होऊं शकत नाहीं. काल निश्चित आहे.

दुसरा लेख मराठी व अगदीं लहान. देवालयाच्या एका पायरीवर, सेवेच्या ठिकाणीं तत्पर असलेला हिरोजी, अशा आशयाचे थोडे शब्द व नांव कोरलेलें आहे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, संस्कृत लेखांत केवळ "हिरोजी" एवढेंच नांव आहे. उपनांव पायरीवरच आहे. आणि तें उपनांवच संशयास्पद झालें आहे. कोणी तें "इंदुलकर" अथवा "इदुलकर" असें वाचतात, कोणी "इटळकर" असें वाचतात, आणि हे सर्व पाठ आजवर छापले गेलेले आहेत. "द" व "ट", "ल" व "ळ" ह्यांतला भेद दगडावर एका वळणाचा, पायरी पायांखालची, वर साडेतीनशें पावसाळे. येथें एक विचित्र गोष्ट ध्यानांत येते. ज्या नम्रतेनें हें नांव पायरीवर घातलें त्याच नम्रतेनें तें झिजविलें. भिंतीवरचा लेख वाचतां येतो. पायांखालचा वाचतांना वाद पडतो.

ह्या दोन लेखांतील हिरोजी एकच, हें अनुमान आहे. परंतु एकाच देवालयांत, एकाच नांवानें, एक बांधणाराची प्रशस्ति करितो व दुसरा सेवकाची ओळख देतो, तेव्हां हें अनुमान घेण्यास हरकत दिसत नाहीं. ह्यावरून चरित्राचें तिसरें अंग, म्हणजे रायगडाचें कर्तृत्व, पूर्णपणें सिद्ध होतें. पांचव्या अंगापैकीं पायरी व तीवरील नांव सिद्ध होतें. संवाद सिद्ध होत नाहीं. उपनांवाच्या "कर" ह्या अंत्यावरून त्याचें घराणें एखाद्या गांवावरून ओळखलें जाई एवढेंच पूर्ववृत्त निघतें. गांव कोणतें तें पाठ निश्चित झाल्यावांचून म्हणतां येत नाहीं. दगडाची साक्ष एवढीच, आणि ती कांहीं थोडी नाहीं.

सिंधुदुर्गाविषयीं दगड मुका आहे. लेखांतील मोजदाद रायगडापुरती आहे. सिंधुदुर्ग ह्याच हिरोजीनें बांधला असें म्हणणारांनीं स्वतंत्र आधार दाखविला पाहिजे. रायगडाच्या कीर्तीवरून मागें अनुमान करणें म्हणजे एका इमारतीच्या पायावर दुसरीचें शिखर चढविणें होय.

(३) आग्र्याचा हिरोजी

आतां मुख्य वादाचा मुद्दा. महाराजांच्या जागीं निजून राहिलेल्या पुरुषाचें नांव कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत हिरोजी फर्जंद असें दिलें आहे. सभासदानें ही बखर १६९७ मध्यें जिंजीस राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. प्रसंगानंतर तीस वर्षांनीं लिहिलेली असली तरी ती महाराजांच्या पदरच्या माणसाची आहे, म्हणून तिचें वजन आहे. प्रश्न एवढाच कीं, सभासदाचा हिरोजी फर्जंद व पायरीवरचा हिरोजी इंदुलकर अथवा इटळकर हे एक कीं दोन?

एकत्वाच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें आम्ही आधीं म्हणतों, कारण पूर्वपक्ष दुबळा करून मांडणें हा न्याय नव्हे. नांव एक, काल एक, दोघेहि महाराजांच्या विश्वासांतले. शिवाय "उपनांवें भिन्न म्हणून माणसें भिन्न" हा जो आक्षेप सामान्यतः घेतला जातो तो दिसतो तितका मजबूत नाहीं, कारण "फर्जंद" हें उपनांवच नव्हे. हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ अपत्य असा आहे, व ती एक प्रकारची उपाधि होती. १६७३ मध्यें पन्हाळा घेणारा कोंडाजी हाहि फर्जंदच म्हणविला जातो. तेव्हां एकाद्या माणसास उपाधि "फर्जंद" व उपनांव "इंदुलकर" अशीं दोन्हीं असणें अशक्य म्हणतां येत नाहीं. तसेंच संस्कृत लेखांत आग्र्याचा उल्लेख नाहीं, हाहि विरुद्ध पुरावा नव्हे. तो लेख बांधकामांचा आहे, पराक्रमांचा नाहीं. ज्या गोष्टीचें प्रयोजनच नाहीं तिच्याविषयींचें मौन साक्ष म्हणून घेतां येत नाहीं.

असें असतांहि एकत्व आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं, ह्याचीं कारणें तीन.

पहिलें कारण नामनिर्देशाचें. पायरीवर ज्यानें आपलें नांव कोरविलें त्यानें तें पुढील लोकांनीं आपल्यास ओळखावें ह्याच हेतूनें कोरविलें असणार. ज्यास राजकुलाशीं जवळीक दाखविणारी उपाधि लोकांत चालू आहे, असा मनुष्य स्वतःची ओळख देतांना ती सोडून गांवाचें नांव लावील, हें संभवनीय दिसत नाहीं. उलट आग्र्याचा हिरोजी जेथें जेथें भेटतो तेथें तो फर्जंद म्हणूनच भेटतो. दोन प्रवाह आरंभापासून निरनिराळे वाहतात. ते मिळतात ते फार खालीं, आपल्या काळाजवळ.

दुसरें कारण आंतरविरोधाचें. हिरोजी फर्जंद हा शहाजी राजांचा अनौरस पुत्र असावा असा बऱ्याच अभ्यासकांचा समज आहे. प्रचलित चरित्र हा समज घेतें आणि त्याच दमांत त्याच पुरुषाचें निराळें कुलनाम, निराळें गांव व त्या गांवचें विकावयाचें वडिलार्जित घरहि सांगतें. भोसल्यांचा अंश म्हणावयाचें तर इंदुलकरांचें घर कोठून आलें? आणि इंदुलकरांचें घर खरें धरावयाचें तर भोसल्यांचा अंश कोठें राहिला? दोन माणसांचीं कुंडलीं एका कागदावर उतरल्यासारखा हा प्रकार आहे.

तिसरें कारण परिणामाचें आहे, आणि त्याकडे एकत्ववाद्यांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. हिरोजी फर्जंदाचा शेवट इतिहासास ठाऊक आहे. १६८१ मध्यें संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या प्रकरणांत ज्यांस देहान्त शासन झालें त्यांत अण्णाजी दत्तो व बाळाजी आवजी ह्यांच्याबरोबर हिरोजी फर्जंदाचेंहि नांव येतें. दोघे एकच असतील तर ज्यानें शके १५९६ मध्यें सेवेंतील तत्परता दगडावर लिहिली तोच सात वर्षांनीं राजद्रोहाच्या आरोपाखालीं मारला गेला असें होतें. असें होऊं शकत नाहीं असें नव्हे; मनुष्यस्वभाव व राजकारण दोन्हीं विचित्र आहेत. पण मग तें उघडपणें सांगितलें पाहिजे. प्रचलित चरित्र मात्र फर्जंदाचें आग्र्याचें साहस तेवढें स्थपतीस देतें व फर्जंदाचा शेवट देत नाहीं. जमा घ्यावयाची आणि नांवें बाजू टाकावयाची, असा हा हिशेब आहे. ह्यांत अन्याय दुहेरी होतो. एका बाजूनें स्थपतीच्या नांवावर कटाची छाया पडण्याचा धोका; दुसऱ्या बाजूनें फर्जंदानें जीव धोक्यांत घालून केलेलें आग्र्याचें काम त्याच्याजवळून काढून घेतल्यासारखें होतें. शेवट कसाहि झाला असो, त्या रात्रीचें श्रेय ज्याचें त्यास असावें.

आमचा निर्णय असा: दोघे एक होते हें सिद्ध झालेलें नाहीं, आणि भिन्न होते हेंच अधिक संभवनीय आहे. एकत्व सांगणारावर पुराव्याचा भार आहे. तो अद्याप उचलला गेलेला नाहीं.

(४) घर विकल्याची कथा

चौथें अंग पैशाचें. येथें सुदैवानें कागद बोलतो. शके १५९३, म्हणजे १६७१–७२, ह्या सालचा किल्ल्यांवरील इमारतींच्या खर्चाचा एक तपशील उपलब्ध व प्रसिद्ध आहे. त्यांत एकंदर नेमणूक १,७५,००० होनांची असून एकट्या रायगडास ५०,००० होन लावून दिले आहेत. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर व राजगड ह्यांस प्रत्येकीं १०,०००, इतर आठ रकमा ५,००० च्या, कोरीगडास ३,०००, सारसगड व महीधरगड ह्यांस दोन दोन हजार, मनोहरगडास १,०००, आणि किरकोळ ७,०००. बेरीज मांडून पाहिली तर ती तंतोतंत मिळते. म्हणजे राज्यांतील सर्व किल्ल्यांच्या खर्चाचे सात भाग केले तर दोन भाग एका रायगडाचे. राज्याभिषेकास अजून दोन वर्षें होतीं, परंतु राजधानी कोणती ह्याचा निकाल त्या आंकड्यांतच लागलेला आहे.

अशा स्थितींत कारागिरांच्या मजुरीसाठीं स्थपतीस आपलें घर विकावें लागलें ही कथा कशी घ्यावी? ती सर्वथा खोटी असें आम्ही म्हणत नाहीं, कारण नेमलेली रक्कम व वेळेवर हातांत पडलेली रक्कम ह्यांत अंतर असूं शकतें, हें ज्यांनीं सरकारी कामें केलीं आहेत त्यांस सांगावयास नको. परंतु कथेस समकालीन आधार नाहीं, आणि उपलब्ध कागद तिच्या उलट दिशेस बोट दाखवितो. शिवाय कथेनें नकळत महाराजांच्याच व्यवस्थेस उणेपणा आणला आहे. ज्या राजाचा कारभार किरकोळीचे सात हजार होनहि निराळे लिहून ठेवतो, त्याच्या राजधानीचें काम एका सेवकाच्या घराच्या किंमतीवर अडलें होतें असें म्हणण्यांत सेवकाचा गौरव होत असेल, पण तो धन्याच्या खर्चानें होतो.

(५) युद्धकालीन सेवा म्हणजे काय

येथवर वजाबाकी झाली. आतां शिल्लक काय उरतें? आमच्या मतें जें उरतें तेंच खऱ्या चरित्राचें बीज आहे.

रायरीचा डोंगर १६५६ मध्यें चंद्रराव मोऱ्यांकडून हस्तगत झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोगलांस गेले. जे बारा राहिले त्यांत रायरी होता. १६७० मध्यें तह मोडला, गेलेले किल्ले एकामागून एक परत घेतले जाऊं लागले, त्याच वर्षीं सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, आणि ह्याच धामधुमींत राजधानी राजगडावरून रायगडावर आली. म्हणजे शिलालेखांत मोजलेल्या विहिरी, तळीं, वाडे, रस्ते व गजशाळा ह्या शांततेच्या काळीं बांधलेल्या नाहींत. एकीकडे सैन्यास पैसा हवा, दुसरीकडे गडास. चुना, लांकूड व माणसें उभ्या कड्याच्या वाटेनें वर न्यावयाचीं. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. आणि पाणी उन्हाळ्यास पुरेल असें डोंगरमाथ्यावर सांठवावयाचें. लेखानें मोजदादींत पहिलें स्थान वापी, कूप व तडाग ह्यांस दिलें आहे, राजगृहें शेवटीं आलीं आहेत. श्लोकाच्या सोयीनें तसें झालें असेल; पण किल्ला जाणणारास तो क्रम योग्यच वाटेल. पाणी नाहीं तो गड नव्हे. राज्याभिषेकाच्या वेळीं त्या माथ्यावर जो मोठा समुदाय जमला त्याची तहान ज्यानें भागविली त्याची युद्धसेवा सिद्ध करण्यास आग्र्याच्या पलंगाची गरज काय?

लोकांचा समज असा दिसतो कीं, तरवार किंवा जिवावरचें सोंग असल्याशिवाय युद्धसेवा होत नाहीं. हा समज ह्याच कल्याण प्रांतांतील एका उदाहरणानें खोटा ठरतो. १६५७ मध्यें कल्याण व भिवंडी हातीं आल्यावर महाराजांनीं तेथें जहाजें बांधण्यास आरंभ केला. १६५९ मध्यें हें काम रुइ लैताँव व्हिएगस ह्या पोर्तुगीझ कारागिराच्या हाताखालीं चाललें होतें. वसईच्या पोर्तुगीझ अधिकाऱ्यास हें समजतांच त्यानें त्यास व त्याच्या माणसांस फितवून परत नेलें. तरवारीचा एक वार न होतां आरमाराच्या आरंभासच खीळ घालण्याचा हा प्रयत्न होता. बांधणारा मनुष्य शत्रूस किती मोलाचा वाटतो हें ह्याहून स्पष्ट काय व्हावें? आणि ही माहिती आपल्यास कशी मिळाली? आपल्या कागदांतून नव्हे, तर पोर्तुगीझ दप्तरांतून, पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्यांच्या श्रमामुळें. ज्याचा धनी कागद जपून ठेवतो त्याचा सुतारहि इतिहासांत राहतो. रायगडाचें दप्तर राहिलें नाहीं म्हणून तेथील स्थपतीस दोन दगडांवर भागवावें लागतें. १६८९ मध्यें गड मोगलांच्या हातीं गेला, व १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं लागलेल्या आगींत वाडे जळाले. अशा ठिकाणीं कागद वांचतील ही अपेक्षाच नको.

अंबरनाथहून कल्याणकडे येतांना मध्यें उल्हासनगर लागतें. १९३९–४५ च्या महायुद्धांत तेथें लष्कराची मोठी छावणी होती. दोन हजारांहून अधिक बराकी उभारल्या गेल्या होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्यांनीं त्या बराकी आंखल्या त्यांचीं नांवें आज त्या गल्ल्यांतून कोणी घेत नाहीं. पण सैनिकांसाठीं घातलेल्या त्यांच्या छपराखालीं लक्षावधींच्या शहराचा आरंभ झाला. युद्धकाळांतील बांधकाम असें असतें. तें घाईचें, अनामिक व बहुधा मूळ हेतूहून अधिक टिकाऊ ठरतें. ह्या दृष्टीनें पाहतां हिरोजी भाग्यवान्. त्याचें निदान नांव राहिलें. त्यास दुसऱ्याचें चरित्र जोडून आपण त्याचें भाग्य वाढवीत नाहीं.

(६) संग्राहकांस विनंति

शेवटीं ज्यांच्या हातीं ह्या प्रश्नाचा निकाल आहे त्या आमच्या संग्राहक बंधूंस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली पायरीविषयीं. २०२५ च्या जुलैंत रायगडासह बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारशांत नोंद झाली. ही अभिमानाची गोष्ट खरी, पण तिच्यायोगें गडावरील पावलें वाढणार, हेंहि तितकेंच खरें. उपनांवाचा वाद तर्कानें मिटणारा नाहीं. दगडाचा उत्तम ठसा व तिरप्या प्रकाशांत घेतलेलीं चित्रें ह्यांनींच तो मिटेल. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनें व देखरेखीखालीं हें काम होणें इष्ट आहे, आणि पाठ जो निघेल तो निघो, तो आहे तसा छापला पाहिजे. "ट" निघाला म्हणून कोणी हिरमुसूं नये व "द" निघाला म्हणून कोणी हर्षूं नये.

दुसरी कागदांविषयीं. कोंकण व मावळांतील जुन्या घरांतून ह्या घराण्याची एखादी सनद, इनामपत्र, वांटणीचा महजर अथवा रोजकीर्दींतील एखादी कलम निघणें अशक्य नाहीं. परंतु जेथें मागणी असते तेथें पुरवठाहि होतो, हें कागदांच्या बाबतींत आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. असा कागद पुढें आल्यास कांहीं कसोट्या ताबडतोब लावाव्या. त्यांत राज्याभिषेक शक असेल तर तो ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ च्या पूर्वीचा असतां कामा नये. संवत्सराचें नांव शकाशीं जुळलें पाहिजे. रायगडाच्या लेखांत तें कसें जुळतें तें वर दाखविलेंच आहे. मोडीचें वळण, कागद व शिक्का त्या काळाचे असावे. आणि शेवटची कसोटी मनाची. जो कागद प्रचलित चरित्राचीं पांचहि अंगें एकाच पानावर पुरी करून देतो, त्याच्याकडे आनंदानें नव्हे तर संशयानें पाहावें. अस्सल कागद सहसा आपल्या प्रश्नांचीं उत्तरें देत नाहीं. तो आपल्याच कामाचें बोलतो, आणि त्यांतून आपल्याला थोडें काढून घ्यावें लागतें.

लोककथेचा आम्ही द्वेष करीत नाहीं. अंबरनाथच्या पलीकडे बदलापूर आहे. तेथें घोडे बदलत असत म्हणून तें बदलापूर, अशी व्युत्पत्ति तेथील प्रत्येक मूल सांगतें. तिच्यांत जुन्या वाटेची व दौडीची आठवण असूं शकेल, केवळ शब्दाचा खेळहि असूं शकेल. कथा म्हणून ती गोड आहे. पुरावा म्हणून तिला उभें केलें कीं दोन्हीं बिघडतात. हिरोजीच्या पायरीची कथाहि अशीच. ती घराघरांत सांगितली जावो. मात्र इतिहास लिहितांना इतकेंच लिहावें: हिरोजी नांवाच्या, गांवावरून ओळखल्या जाणाऱ्या एका सेवकानें शके १५९६ पर्यंत, चालू युद्धांत, छत्रपतींच्या आज्ञेनें व छत्रपतींच्या खजिन्यांतून रायगडाची राजधानी उभी केली, आणि आपलें नांव भिंतीवर धन्याच्या नांवाखालीं व पायरीवर सेवेच्या शब्दापुढें ठेविलें. तो आग्र्यास गेला होता असें दाखवितां येत नाहीं; सिंधुदुर्ग त्यानें बांधला असें दाखवितां येत नाहीं; घर विकलें असेंहि दाखवितां येत नाहीं.

हें वाचून आमचे स्नेही कदाचित् म्हणतील कीं, आम्हीं त्यांच्या हिरोजीजवळचें सर्व काढून घेतलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आम्हीं त्याच्याजवळ परक्याचें होतें तेवढें काढून ज्याचें त्यास परत केलें आहे. त्याचें स्वतःचें होतें तें गडावर अजून उभें आहे, आणि त्याच्या तळ्यांत पाऊस पडला कीं अजून पाणी सांठतें.